पाट्यावर वाटलेला मका

वाशीतल्या ज्या रेस्टॉरंटचे स्वयंपाकघर मी सांभाळतो, तिथे आधुनिक मेक्सिकन जेवण एकेक पदार्थ करत वाढले जाते आणि त्या सगळ्याची भिस्त मक्याच्या तोर्तियावर, म्हणजे पातळ रोटीवर, असते. शेफ एन्रिके ओल्वेरा यांनी २००० साली मेक्सिको सिटीत सुरू केलेल्या ‘पुहोल’ या रेस्टॉरंटमध्ये हजाराहून अधिक दिवस मुरवलेला मोले, म्हणजे मिरच्या-मसाल्यांचा दाट रस्सा, केवळ तोर्तियासोबत वाढतात, त्यात मांस नसते, भाजीही नसते. आमचा मोले तितका जुना नाही, पण वाढण्याची रीत तीच, त्यामुळे तोर्तिया कमअस्सल असेल तर ते झाकायला काहीच उरत नाही.

त्या शनिवारी आदल्या रात्री चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजत घातलेला मका धुऊन तयार होता. किलोमागे साधारण दहा ग्रॅम खाण्याचा चुना पुरतो. त्याने दाण्याचे साल सुटते, मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते आणि मुख्य म्हणजे पिठाला चिकटपणा येतो. एरवी मक्याचे पीठ पातळ थापले की कडा चिरतात. दुपारी वाटणयंत्राची मोटर जळाली. मिक्सरला पाणी जास्त लागते आणि पीठ सैल होते, म्हणून तो मार्ग मला पटेना.

भांडी आणि निवडण-टिपण पाहणाऱ्या मावशी म्हणाल्या, “दादा, पाट्यावर वाटू की! पोराला सांगते, रिक्षानं घेऊन येईल.” तुर्भ्याहून पाटा-वरवंटा आला. मेक्सिकोतही शतकानुशतके मका मेताते नावाच्या दगडी पाट्यावरच वाटत आले आहेत, पण त्या कामाला किती ताकद लागते हे मला मावशींच्या खांद्यांकडे पाहून कळले. पहिली तोर्तिया तव्यावर फुगली नाही. मावशींनी गोळा चिमटीत दाबून पाहिला, पाण्याचा हात लावला आणि भाकरीसारखा तळहाताच्या टाचेने पुन्हा मळला. पुढची टम्म फुगली.

पीठ बेताचेच असल्याने मी टाको त्या रात्रीपुरते बंद ठेवले आणि सगळ्या तोर्तिया मोलेसाठी राखल्या. पीठ किंचित रवाळ होते, मक्याचा वास अधिक खुला होता, आणि बहुतेक टेबलांवरून आणखी तोर्तियांची मागणी आली.

मोटर पुढे दुरुस्त झाली, तरी मोलेसोबतच्या तोर्तियांचे पीठ मावशीच वाटतात, आणि त्या कामाचा वेगळा पगार मी मालकांकडून मंजूर करून घेतला आहे.