बझर केव्हा दाबावा

दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषांमध्ये ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ या ब्रिटिश कार्यक्रमाइतका साध्या मांडणीचा कार्यक्रम क्वचितच सापडेल. चार-चार विद्यार्थ्यांचे दोन संघ, एक प्रश्नकर्ता आणि अर्धा तास अखंड चाललेले प्रश्न. उत्तराला पर्याय नाहीत आणि घरी फोन लावून विचारण्याची सोयही नाही. अमेरिकेतील ‘कॉलेज बोल’वरून बेतलेली ही स्पर्धा १९६२ मध्ये सुरू झाली, १९८७ मध्ये बंद पडली आणि १९९४ मध्ये बीबीसीवर परत आली. बॅम्बर गॅस्कॉइन, जेरेमी पॅक्समन आणि २०२३ पासून, कोलकात्यात जन्मलेले अमोल राजन, एवढेच तिचे प्रश्नकर्ते. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी मी आणि माझा भाचा तिचे भाग एकत्र पाहतो. भाचा येथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात अभियांत्रिकी शिकतो, आणि मामाच्या आधी उत्तर देण्याचा आनंद त्याला परीक्षेतल्या गुणांपेक्षा मोठा वाटतो, असा माझा संशय आहे.

प्रत्येक फेरीतला पहिला प्रश्न दहा गुणांचा असतो. त्यासाठी ज्याने बझर दाबला त्यानेच, कोणालाही न विचारता, उत्तर द्यायचे असते. उत्तर बरोबर आले तर त्या संघाला एकाच विषयावरचे, प्रत्येकी पाच गुणांचे तीन प्रश्न मिळतात आणि तेथे आपसांत बोलण्याची मुभा असते. प्रश्न पुरा होण्याआधीच बझर दाबून चुकीचे उत्तर दिले तर मात्र पाच गुण कापले जातात, आणि प्रतिस्पर्ध्यांना तो प्रश्न शेवटपर्यंत ऐकायला मिळतो. या खेळाचा सारा जीव मला या उणे पाच गुणांत दिसतो. उत्तर माहीत असणे ही एक गोष्ट, आणि ते आपल्याला माहीत आहे याची खात्री कोणत्या क्षणी धरावी हे कळणे ही दुसरी. बझर या दुसऱ्या गोष्टीची परीक्षा घेतो.

उदाहरणादाखल मी घरी एक प्रश्न रचला. ‘भौतिकशास्त्रात पीएच.डी. करून जीवशास्त्राकडे वळलेल्या, २०१५ ते २०२० या काळात रॉयल सोसायटी या ब्रिटनमधील विज्ञानसंस्थेचे अध्यक्ष राहिलेल्या, चिदंबरम येथे जन्मलेल्या आणि रायबोसोमच्या रचनेवरील संशोधनासाठी टॉमस स्टाइट्झ व ॲडा योनाथ यांच्यासह २००९ चे नोबेल मिळवणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव काय?’ पहिल्याच दुव्यावर बझर दाबणारा उतावळा माणूस माक्स डेलब्रुक किंवा वॉल्टर गिल्बर्ट म्हणून पाच गुण घालवील, कारण भौतिकशास्त्रातून जीवशास्त्रात जाऊन नोबेल मिळवणारे एकटेदुकटे नाहीत. रॉयल सोसायटीचा उल्लेख येताच जाणकार सावध होतो, आणि चिदंबरमनंतर थांबण्याचे काही कारणच उरत नाही. बडोदेकराला तर आणखी एक छुपा फायदा आहे, कारण या प्रश्नाचे उत्तर असलेले वेंकी रामकृष्णन लहानपणापासून याच शहरात वाढले, त्यांचे वडील येथे जीवरसायनशास्त्र शिकवत आणि १९७१ मध्ये त्यांनी बी.एस्‌सी. केले ते आमच्याच विद्यापीठातून. भाच्याने रॉयल सोसायटीवर हात आपटला. ताईने मात्र चिदंबरमपर्यंत वाट पाहिली आणि वर त्याला सुनावले, “एवढी घाई करशील तर एखाद्या दिवशी तोंडघशी पडशील.” दोघांचेही उत्तर बरोबरच होते, पण प्रत्यक्ष स्पर्धेत ताईला ते देण्याची संधीच मिळाली नसती. प्रश्न रचणाऱ्याचे कसब दुव्यांच्या या चढत्या स्पष्टतेत असते. सर्वांत सोपा दुवा आरंभी आला तर उरते ती केवळ बोटांची शर्यत.

पुढील तीन प्रश्नांची गंमत निराळी आहे. समजा, विषय आहे ‘सयाजीरावांच्या बडोद्यात काम केलेले परदेशी’. लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडा कोणी केला, त्यांच्या मृत्यूनंतर तो कोणी पूर्ण केला, आणि १९१० मध्ये संस्थानाच्या ग्रंथालयांची घडी बसवण्यासाठी अमेरिकेतून कोणाला बोलावले? उत्तरे अनुक्रमे मेजर मँट, चिझम आणि बॉर्डन. येथे एकाला मँट आठवतो, दुसरा ‘बडोदा कॉलेजचा घुमट चिझमचाच ना?’ असे पुटपुटतो, तिसरा गप्प राहतो आणि कर्णधाराला काही सेकंदांत कोणावर विश्वास टाकायचा ते ठरवावे लागते. योग्य उत्तर कोणीतरी कुजबुजलेले असते, ते ध्वनिक्षेपकावर आपल्याला ऐकू येते, आणि कर्णधार नेमके दुसरेच उत्तर देतो. घरात अशा वेळी जी हळहळ होते ती क्रिकेटमधला झेल सुटल्यावरही होत नाही.

आपल्याकडे दूरदर्शनवर १९८५ मध्ये प्रश्नकर्ते सिद्धार्थ बसूंच्या ‘क्विझ टाइम’ने महाविद्यालयीन संघ घरोघरी पोहोचवले. पुढे बीबीसी वर्ल्डवर ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ची भारतीय आवृत्तीही त्यांनीच चालवली आणि २००४ मध्ये तिचे पहिले विजेतेपद मुंबईच्या सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालयाने मिळवले. २००० मध्ये सुरू झालेल्या ‘कौन बनेगा करोडपती’च्या उभारणीतही बसू होतेच. तेथे मात्र एकटा स्पर्धक, चार पर्याय आणि कोटींच्या रकमा आल्या. नाट्य म्हणून तो कार्यक्रम उत्तम आहे, पण चार जणांनी मिळून विचार करण्याला त्यात जागा नाही.

महाविद्यालयांच्या महोत्सवांतील प्रश्नमंजूषा आजही संघांच्याच असतात, पण तेथे बझरऐवजी ‘बाउन्स’ चालतो, म्हणजे एका संघाला न आलेला प्रश्न क्रमाने पुढच्याकडे जातो. सहा-आठ संघ असले की ही पद्धत सोयीची, हे मान्य. पण कोणता प्रश्न आपल्यापर्यंत पोहोचेल हे मग आसनाच्या जागेवर अवलंबून राहते. त्यावर तोड म्हणून ‘पाउन्स’ आला. ज्यांना खात्री आहे त्यांनी आधीच उत्तर लिहून द्यायचे आणि चुकल्यास बहुधा गुण गमवायचे, म्हणजे उणे गुणांची तीच धास्ती वेगळ्या वाटेने परत आली. भाच्याला हा प्रकार अधिक आवडतो. त्याचे म्हणणे असे, की महोत्सवातले लांबलचक प्रश्न ठाऊक नसतानाही तर्काने सोडवता येतात, तर बझरवर केवळ पाठांतर जिंकते. तर्काविषयी तो म्हणतो ते खरे आहे, परंतु रॉयल सोसायटीवर हात आपटताना त्यानेही गिल्बर्टला मनातल्या मनात बाजूला सारले होतेच, आणि त्याला मी पाठांतर म्हणणार नाही.