फ्लॅट नंतर बघा, आधी जिन्याने गच्चीवर जा

मुंबई-ठाण्यात भाड्याचं घर बघायला गेलं की ब्रोकर थेट फ्लॅटमध्ये नेतो, नवा रंग, पीओपी, मॉड्युलर किचन, आणि आपणही तेच बघत बसतो. मला विचाराल तर आतल्या रंगावरून काही म्हणजे काही कळत नाही, ओल झाकायला आधी तोच मारतात.

मी लिफ्ट सोडून जिन्याने जाते, पार गच्चीपर्यंत. वर पत्र्याची शेड दिसली तर स्लॅब कधीतरी गळत होता असं धरायचं, शेड असणं वाईट नाही, पण आपला फ्लॅट सगळ्यात वरचा असेल तर सीलिंगचं नीट विचारायचं. मग खाली पार्किंगमधले कॉलम बघायचे, तिथे कोणी पीओपी करत नाही ना! प्लास्टरवर केसासारख्या बारीक भेगा सगळीकडेच असतात, त्यांचं टेन्शन नको. पण कॉलमला उभी लांब चीर गेली असेल तर बहुतेक आतली सळई गंजलीय, गंजून ती फुगते आणि वरचं काँक्रीट ढकलते, मग ढलपे पडायला लागतात. बीमखाली लोखंडी टेकू दिसले तर ब्रोकर कितीही गोड बोलो, मी परत फिरते.

वॉचमनशी दोन मिनिटं बोला, पाणी किती वाजता येतं, टँकर लागतो का, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नसतं.

सेक्रेटरीला एकच विचारायचं, शेवटचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनिअरकडून इमारतीच्या मजबुतीची तपासणी, कधी झालं. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमावलीप्रमाणे) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ५ वर्षांतून एकदा आणि ३० च्या पुढच्या इमारतीचं ३ वर्षांतून एकदा करायचं असतं. रिपोर्टमध्ये सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे थोडा भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे न हलता दुरुस्ती, सी-३ किरकोळ. ऑडिटचं नाव काढल्यावर विषय बदलला तर समजून जा. पावसाळ्याच्या आधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते, दक्षिण मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी सेस भरणाऱ्या) इमारतींची म्हाडा काढते, त्यात नाव शोधायला पाच मिनिटं लागतात, पण यादीत नाव नाही म्हणजे बिल्डिंग ठणठणीत असंही धरू नका.

आणि रीडेव्हलपमेंट! बिल्डर ठरलाय का, एग्रीमेंट सही झालंय का, हे विचाराच, कारण बिल्डरकडून भाडं मालकाला मिळतं, लीव्ह अँड लायसन्सवाल्याला, म्हणजे आपल्यासारख्या भाड्याने राहणाऱ्याला, फक्त घर सोडायला सांगतात. म्हणून ११ महिन्यांच्या एग्रीमेंटमध्ये एक ओळ घालायला लावायची: सोसायटीने किंवा पालिकेने रिकामं करायला सांगितलं तर लॉक-इन (ठरलेल्या मुदतीआधी घर न सोडण्याची अट) लागू नाही आणि डिपॉझिट पूर्ण परत. मालक कुरकुर करेल, करू दे. आणि रजिस्ट्रेशन झाल्याशिवाय चावी घेऊ नका, नुसत्या नोटरीवर तर नाहीच.