तुम्ही विचारलंत म्हणून: ही डिस्क नेमकी कोणती?

ऑफिसात नवीन आलेली मुलं हमखास विचारतात, "सर, स्टोरेजवरून दिलेली डिस्क काल एसडीबी होती, रीबूटनंतर एसडीसी झाली. मग ओळखायची कशी?"

स्टोरेज म्हणजे सर्व्हरना डिस्क पुरवणारी वेगळी पेटी. आणि एसडीबी हे डिस्कचं नाव नव्हेच. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमला ज्या क्रमाने डिस्क सापडतात, त्या क्रमाने ती अक्षरं लागतात.

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्यात बिऱ्हाडांना नंबर होते. तीन नंबरात आधी जोशी राहायचे, पुढे कदम आले; नंबर तोच राहिला. लन नंबर, म्हणजे सर्व्हरला डिस्क देताना स्टोरेज तिला लावतं तो क्रमांक, असाच असतो. शिवाय एकच डिस्क एका सर्व्हरला लन ३ म्हणून दिसते, दुसऱ्याला लन ५ म्हणून.

आयस्कझीत, म्हणजे नेटवर्कवरून डिस्क देण्याच्या पद्धतीत, वाडा म्हणजे टार्गेट: सर्व्हर स्टोरेजच्या ज्या टोकाला जोडला जातो ते. त्याचं नाव आयक्यूएन (iqn) या अक्षरांनी सुरू होतं, मग वर्ष-महिना, मग उलटं लिहिलेलं डोमेन. तो महिना कशाला, हे फार कोणी विचारत नाही. डोमेन उद्या दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतं. नाव देणाऱ्याकडे ते कोणत्या महिन्यात होतं, हे नावातच नोंदलं की दोन मालकांची नावं एकमेकांवर आदळत नाहीत. मला ही योजना फार आवडते. स्टोरेजचा आयपी पत्ता बदलला तरी हे नाव टिकतं. ३२६० हा आयस्कझीचा नेटवर्क पोर्ट फक्त दारापर्यंत नेतो.

पण आत कोण राहतं, हे डिस्कलाच विचारावं लागतं. स्कझीत, म्हणजे सर्व्हर डिस्कशी ज्या भाषेत बोलतो तिच्यात, त्यासाठी ८३ नंबरचं माहितीचं पान आहे. तिथून डिस्कचा डब्ल्यूडब्ल्यूआयडी, म्हणजे जगात एकमेव असा ओळखक्रमांक मिळतो, बऱ्याचदा ३२ हेक्स अंकांचा (० ते ९ आणि a ते f). दोन केबलींवरून एकच डिस्क दोनदा दिसते, तेव्हा मल्टीपाथ हा प्रोग्राम याच ओळखीवर दोन्ही वाटा एकत्र बांधतो. फाइल सिस्टिमच्या यूयूआयडीवर, म्हणजे फॉरमॅट करताना डिस्कवर लिहिल्या जाणाऱ्या ओळखक्रमांकावर, एवढा भरवसा नको: डिस्कचा क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, काढला की तोही जसाच्या तसा उतरतो. डब्ल्यूडब्ल्यूआयडी मात्र क्लोनला स्वतःचा मिळतो.

मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात, वहीत लिहिलेल्या एसडीसीवर मी रात्री फॉरमॅट चालवला. मधे सर्व्हर रीबूट झाला होता. ती पगाराच्या डेटाची डिस्क निघाली. बॅकअप होता म्हणून पहाटेपर्यंत सगळं परत आलं, पण त्या रात्रीची धडधड अजून आठवते.

आता फॉरमॅटच्या आधी एक जण सर्व्हरवरून डब्ल्यूडब्ल्यूआयडीचे शेवटचे सहा अंक मोठ्याने वाचतो आणि दुसरा स्टोरेजच्या स्क्रीनवर बोट ठेवून "हो" म्हणतो.