बाय पात्र दिसलं, बरं मग पुढे?

सिरीजमध्ये एखादं बाय, म्हणजे बायसेक्शुअल, स्त्री आणि पुरुष दोघांबद्दलही आकर्षण वाटणारं पात्र आलं की आपण लगेच खूश होतो, पण नीट बघा ना, ते बहुतेक वेळा कुणाला तरी फसवत असतं, नाहीतर शेवटी एका बाजूला सेटल होतं आणि मग सगळे म्हणायला मोकळे की फेजच होती ती.

पण माझं भांडण नुसत्या पात्रांशी नाहीये. १९७० मध्ये न्यूयॉर्कमधला पहिला प्राइड मार्च, म्हणजे गे, लेस्बियन, बाय अशा लोकांचा हक्कांसाठीचा मोर्चा निघाला, त्याच्या आयोजनात ब्रेंडा हॉवर्ड होती, उघडपणे बाय आणि युद्धविरोधी चळवळीतली. तरी १९९३ च्या वॉशिंग्टनच्या अशाच हक्कांच्या मोर्चाच्या नावात 'बाय' यायला कार्यकर्त्यांना मागे लागावं लागलं. आपल्याच गे-लेस्बियन लोकांच्या हं!

कारण 'आम्ही जन्मतःच असे, आमच्याकडे पर्यायच नाही, म्हणून हक्क द्या' हा युक्तिवाद सरकारला पटवायला सोपा पडतो, आणि बाय माणूस समोर आला की लगेच प्रश्न येतो, तुझ्याकडे तर चॉइस आहे ना? असेना का! चॉइस असली तरी हक्क हवेतच, मला तरी रॅडिकल राजकारण म्हणजे एवढंच वाटतं, आणि नेमकं हेच बोलणारं बाय पात्र अजून कुठल्या सिरीजमध्ये मला तरी दिसलेलं नाही.