तुम्ही विचारलंत म्हणून: दोन राउटर, दोन सबनेट

‘दुसऱ्या राउटरवरून पहिल्यावरचा प्रिंटर चालतो, पण पहिल्यावरून दुसऱ्याकडचं काहीच उघडत नाही. असं का?’ हा प्रश्न नेहमी येतो.

मांडणी बहुधा अशी असते: इंटरनेट पहिल्या राउटरला, त्याच्या लॅन (घरातल्या उपकरणांच्या) पोर्टातून केबल दुसऱ्याच्या वॅन (इंटरनेटच्या) पोर्टात. पहिल्याचं नेटवर्क, म्हणजे सबनेट (पत्त्यांचा एक गट), १९२.१६८.१.०, दुसऱ्याचं १९२.१६८.२.०. (दोन्हीकडे एकच आकडे असतील तर आधी एक बदला.) दुसरा राउटर नॅट करतो, म्हणजे मागच्या सगळ्यांच्या वतीने स्वतःच्या वॅन पत्त्यावरून बोलतो. त्यामुळे तिकडून इकडे येता येतं. उलट दिशेला मात्र १९२.१६८.२.५० कुठे आहे हे पहिल्या राउटरला ठाऊक नसतं. तो पॅकेट (माहितीचा तुकडा) इंटरनेटकडे ढकलून मोकळा होतो.

म्हणून दुसऱ्याच्या वॅनला कायमचा पत्ता द्या, समजा १९२.१६८.१.२, आणि तो डीएचसीपीच्या (पत्ते आपोआप वाटणाऱ्या सोयीच्या) वाटपाबाहेर ठेवा. मग पहिल्यात स्टॅटिक रूट (हाताने नेमून दिलेला मार्ग) भरा: डेस्टिनेशन १९२.१६८.२.०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.२. त्यानंतरच दुसऱ्यातलं नॅट बंद करा आणि त्याच्या फायरवॉलमध्ये (नको ती ये-जा अडवणाऱ्या सोयीत) १९२.१६८.१.० कडून येणाऱ्यांना परवानगी द्या. हा क्रम उलटा केलात तर मागच्यांचं इंटरनेट जातं. दुसऱ्यात वेगळा रूट लागत नाही. दोन्ही नेटवर्क त्याला थेट जोडलेली असतात.

एवढं करूनही दुसरीकडचं इंटरनेट बंदच राहिलं, तर पहिला राउटर फक्त स्वतःच्या सबनेटपुरतं नॅट करतो आहे. अशा वेळी दुसऱ्याचं नॅट पुन्हा चालू करा आणि हव्या त्या एकदोन सेवांसाठी त्यावर पोर्ट फॉरवर्डिंग (त्या सेवेची विनंती आतल्या ठरावीक उपकरणाकडे पाठवणं) लावा.

सगळ्यात चकवणारी अडचण म्हणजे पिंग (पोहोच तपासणारा छोटा संदेश) जातं, पण वेबपान उघडत नाही. १९२.१६८.१.२० वरून निघालेलं पॅकेट पहिल्या राउटरमार्गे दुसऱ्याकडे जातं. उत्तर मात्र दुसरा राउटर थेट १.२० ला देतो, कारण ते दोघे एकाच सबनेटमध्ये आहेत. पहिल्याला अर्धाच संवाद दिसतो. त्याची फायरवॉल कडक असेल तर टीसीपीचं (वेबपानं ज्या पद्धतीने येतात तिचं) पुढचं पॅकेट ती अवैध ठरवून टाकून देते. यावर माझ्या मते उत्तम उपाय डीएचसीपीचा ऑप्शन १२१: त्यातून तो ऑप्शन समजणाऱ्या उपकरणांना हा रूट आपोआप मिळतो. राउटरमध्ये ती सोय नसेल तर मोजक्या संगणकांवर रूट हाताने भरा.

विंडोजचं फाइल शेअरिंग अडलं, तर त्याच्या फायरवॉलचा नियम तपासा. तो सहसा ‘लोकल सबनेट’पुरताच असतो. प्रिंटर किंवा टीव्ही यादीत आपोआप दिसणार नाहीत, कारण त्यांचा शोध मल्टिकास्टवर (एकाच वेळी अनेकांना दिलेल्या हाकेवर) चालतो आणि ती हाक सहसा राउटर ओलांडत नाही. प्रिंटर थेट आयपी पत्त्याने जोडा.

आणि वेगळेपणाची गरजच नसेल, तर हा खटाटोप करू नका. दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये (वेगळं नेटवर्क न करता फक्त जोडणी देणाऱ्या) टाका, सगळं एकाच सबनेटमध्ये येईल. सुरक्षेसाठी वेगळेपण हवं असेल, तर नॅट चालूच ठेवा आणि कॅमेरे, पाहुण्यांचे फोन पहिल्या राउटरवर, तुमचे संगणक दुसऱ्यावर ठेवा. अनेक जण नेमकं उलट करतात, आणि मग मागचा कॅमेरा पुढच्या संगणकांपर्यंत बिनदिक्कत पोहोचू शकतो.