सड्यावरून खाडीपर्यंत, पऱ्याच्या सोबतीनं

माझी मामेबहीण रत्नागिरी तालुक्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवते. दहावीच्या पुस्तकातला पहिलाच धडा ‘क्षेत्रभेट’. पुष्कळदा तो सहलीत उरकला जातो. ताईनं मात्र मुलांना शाळेमागचाच पऱ्या, म्हणजे छोटा ओढा, उगमापासून खाडीपर्यंत चालत अभ्यासायला लावला. त्रिपुरी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मीही त्यांच्यासोबत निघालो.

सुरुवात सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट माथ्यावर. पावसात इथं फुलांचा गालिचा असतो, आता नुसतं पिवळं गवत आणि काळवंडलेला जांभा. नदी कुठून निघते म्हटल्यावर मुलं डबकं शोधत होती. ताईनं त्यांना सड्याच्या कडेखाली उतरवलं. जांभा सच्छिद्र, पाऊस त्यात मुरतो. खाली चिकणमातीचा थर लागला की पाणी आडवं सरकत कड्यातून पाझरतं. तोच उगम. पाऊस संपला तरी पऱ्या वाहतो तो या दगडाच्या जिवावर. समोरच्या सड्यावर चिरेखाण आहे, तिथं याच जांभ्याचे चिरे कापतात. घरं बांधायला चिरे लागतात हे खरं, पण आपण पाण्याची टाकीच कापून विकतोय असं मला तिथं उभं राहून वाटलं.

पुढे पोफळीच्या आगराजवळ पहिली मोजणी. दहा मीटर दोरी ताणली, दर अर्ध्या मीटरवर पट्टी बुडवून खोली घेतली आणि नारळाच्या सोडणाचा तुकडा सोडला. कागदाची होडी का नाही? तिला वारा ढकलतो. सोडण अर्धं पाण्यात असतं. वेळ आली ४० सेकंद. पृष्ठभागावरचं पाणी तळापेक्षा जोरात धावतं, म्हणून वेगाला ०.८५ नं गुणायचं. रुंदी २ मीटर, सरासरी खोली १५ सेंटीमीटर. हिशेब सेकंदाला सुमारे ६४ लिटरवर आला. म्हणजे हजार लिटरची टाकी सोळा सेकंदांत! ओढ्याला नाकं मुरडणारी पोरं एकदम गप्प झाली.

आगरातल्या आजोबांना प्रश्नावली ऐकवली. ‘नदीचा उपयोग कशासाठी होतो?’ ते हसले आणि पाट दाखवला. “आमच्या वेळी शिमग्यापर्यंत पाटाला पाणी असायचं. आता पोतीं भरून बंधारा घालतो, तेव्हा कुठे काही दिवस पुरतं.” प्रश्नावलीत यासाठी रकाना नव्हता. एकीनं कागदाच्या पाठीवर लिहून घेतलं.

खाली उतरताना पात्रात तांबड्या जांभ्याच्या तुकड्यांबरोबर काळे गुळगुळीत गोटे दिसू लागले. जांभा कापून पऱ्या त्याच्या खालच्या बेसॉल्टला भिडला होता. मधला टप्पा घाणेरीच्या झुडपांतून वाट काढण्यातच गेला.

खाडीच्या तोंडाशी, कांदळवनाजवळ, होडी डांबरत बसलेल्या एका काकांनी विचारलं, “आज तिथी कुठली?” चतुर्दशी. “चौदाचे पाऊणपट करा. साडेदहाला भरती पुरी.” घड्याळात पावणेदहा झाले होते. सोडण सोडलं तर ते थोडं घुटमळलं आणि सरळ उलटं, आगराच्या दिशेनं निघालं. पोरांचा आरडाओरडा! दोन पोरगे ते पकडायला गुडघाभर चिखलात.

“मॅडम, वेग वजा लिहू?” कागद सांभाळणारीनं विचारलं.

“लिही. आणि शेजारी वेळ नि तिथी पण.”

ओहोटी लागल्यावर त्याच जागी पुन्हा मोजायचं ठरलं, आणि तोवर डबे उघडले गेले.