रस्त्याखालचं दार: फळी झाली, पंप बसला, नहाणी राहिलीय

मंडळी, कोल्हापुरात पेठेतल्या आमच्या जुन्या घराचं काम बऱ्यापैकी पुढं सरकलंय. नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात, जुनं न उकरता डांबरावर डांबर पडत गेलं आणि आता रस्त्यावरनं तीन पायऱ्या उतरल्यावर आमचा उंबरा येतो, त्यामुळं गल्लीचं पाणी पहिलं आमच्याकडंच.

पाणी अडवायची फळी वरच्या पायरीवर घेतली. 18 एमएम मरीन प्लाय, साडेतीन फूट रुंद, दीड फूट उंच, दोन्ही बाजूंचे चॅनल उद्यमनगरातनं वाकवून आणले. अजून उंच का नाही केली, तर हिशोब बघा: एवढ्या रुंदीला 1 फूट पाणी साधारण 50 किलोनं रेटतं, पण 2 फुटाला 100 नाही, 200 किलो, उंची दुप्पट की रेटा चौपट. आमची भिंत जुनी, मातीतली, बोल्टसकट चॅनल उपटून आलं असतं.

लई वेळ खाल्ला तो खालच्या कडेनं. शहाबादी फरशी खडबडीत, त्यावर रबर बसेचना, शेवटी तेवढी पट्टी कापून पॉलिशचा कडाप्पा सिलिकॉननं बसवला आणि फळीला खालनं गाडीच्या दाराचं बीडिंग. वरनं सागवानी पाचरी. पाइपनं पाणी सोडून बघितलं, डाव्या कोपऱ्यातनं बारीक धार लागलेली, पाचर हातोडीनं दोनदा ठोकली तसं धारेचं थेंब झालं, मग नुसती ओल. एवढं चालतंय.

पण पायऱ्यांच्या खड्ड्यात आभाळातनं थेट पडतं त्याचं काय? 25 चौरस फुटांत 50 मिलिमीटर पाऊस म्हणजे 115 लिटर, अर्ध्या बॅरलच्या वर. म्हणून उंबऱ्याच्या अलीकडं जाळीचं गटार, त्याच्या टोकाला छोटा खड्डा आणि फ्लोटवाला, म्हणजे पाणी चढलं की आपोआप चालू होणारा, 12 व्होल्टचा बॅटरीवरचा पंप. घरच्या लाइटवर मुद्दाम नाही घेतला, वळवाच्या पहिल्या गडगडाटाला लाइट जाते हे काय सांगायला पाहिजे! पाइपाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घालाच, नाहीतर पंप थांबला की पाइपातलं पाणी परत खड्ड्यात, परत पंप चालू, बॅटरी उगीच संपते.

हे सगळं पावसाच्या पाण्यासाठी हं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांचा इशारा ओलांडून पाणी 43 च्या धोक्याकडं निघालं की विषयच वेगळा, 2019 आणि 2021 ला बघितलंय आपण. तेव्हा फळीबिळी काही नाही, सामान माडीवर आणि आपण पाव्हण्यांकडं. नदी फुगली की नाले उलटे तुंबतात, मग साध्या सरीचं पाणीसुद्धा गटारातनं माघारी नहाणीत येतं आणि दारातली फळी नुसती शोभेला.

तेच काम आता राहिलंय. बाहेरच्या चेंबरमध्ये फडकीचा व्हॉल्व्ह (पाणी बाहेर सोडणारी, माघारी येऊ न देणारी झडप) टाकायचाय, पण त्यात केस, चिंध्या अडकल्या की फडकी उघडीच राहते आणि आमचं चेंबर जेमतेम दीड फूट खोल. एवढ्या उथळ चेंबरात कुणी बसवला असेल तर साफ करायला हात कसा घालता, फोटो टाका.